एक फुटाची रेघ

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या इमारतीत खाली दिवसभर जीन्स शिवल्या जायच्या आणि वरच्या मजल्यावर दिवसभर पूर यायचे. खालच्या मशीनींची घरघर जमिनीतून वर यायची, टेबलावरचा चहा सारखा थरथरत असायचा, आणि त्या चहाशेजारी बसून यशोधरा बदलापूर बुडवायची. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. कॉम्प्युटरवर, अर्थात. पण तिचे साहेब राजरत्न सर आत येताना रोज तेच विचारायचे, "काय, आज कितीला बुडवतेस?" आणि ती म्हणायची, "साडेतीनला, सर. चहा घेऊन बुडवते."

कामाचं नाव भारदस्त होतं, काम समजायला सोपं. डोंगरात अमुक इतका पाऊस पडला तर उल्हास नदीचं पाणी कोणत्या गल्लीत किती चढेल, हे एका मॉडेलने सांगायचं. दुसऱ्या मॉडेलने माणसांचं सांगायचं. पाणी चढलं तर कोण घर सोडून जाईल, कोण चिकटून राहील, दहा वर्षांनी कुठे वस्ती फुगलेली असेल आणि कुठे फक्त म्हातारीकोतारी उरलेली असतील. दोन्ही मॉडेलं एकमेकांत घातली की एक यादी निघायची. ऑफिसात तिला 'पहिल्या तासाची यादी' म्हणत. ज्या घरात फरशीच्या वर तीन फुटांहून जास्त पाणी येण्याची भीती, त्या घराच्या दारावर इशारा झाल्यापासून पहिल्या तासात माणूस जाऊन थाप मारणार. बाकीच्यांना मोबाइलवर मेसेज. यादी जूनच्या आधी सरकारी कचेरीत पोचवायची होती आणि मे अर्धा सरला होता.

आता कॉम्प्युटरला नदी शिकवायची कोणी? ती शिकवली भिंतींनी. सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत मोठा पूर आला, तेव्हा बदलापूर पश्चिमेला नदीकाठच्या इमारतींनी जिन्याजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटने लाल रेघ ओढली. पाणी इथवर आलं होतं, ही तारीख. तेव्हापासून दर मे महिन्यात गटार उपसून घेतलं की सोसायटीचा सेक्रेटरी ब्रश घेऊन ती रेघ पुन्हा गिरवतो. कुणाचा हुकूम नाही, पडून गेलेली रीत आहे. यशोधराच्या ऑफिसातला धर्मराज टेप घेऊन दोन महिने उन्हातान्हात हिंडला आणि अशा तीनशे बारा रेघा मोजून आला. तळमजल्याच्या फरशीपासून रेघ किती उंच, एवढंच तो टिपायचा. फरशी स्वतः किती उंचावर आहे, ते आधीच्या सर्वेत होतं.

त्या मंगळवारी नकाशा पहिल्यांदा पुरता रंगला. तीन फुटांच्या वर पाणी म्हणजे लाल. हेंद्रेपाड्याचा नदीकडचा सगळा पट्टा लालभडक झाला आणि त्या लालाच्या मधोमध एक गल्ली पांढरी राहिली. आठ इमारती. त्यातली पाचवी, मैत्री सोसायटी, यशोधराची स्वतःची.

"च्यायला, नशीब बघ हिचं," राजरत्न सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "आजूबाजूला सगळी बोंबाबोंब आणि तुमची गल्ली सुमडीत कोरडी! पार्टी पाहिजे हां."

ती हसली. खरं सांगायचं तर तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. गेले तीन दिवस तिने दुसऱ्यांच्या गल्ल्यांतले असले पांढरे ठिपके एकेक करून खोदून काढले होते. कुठे फरशीचा आकडा चुकला होता, कुठे धर्मराजने इंच फुटांच्या रकान्यात लिहिले होते. आपल्या गल्लीचा ठिपका मात्र तिने दहा सेकंद पाहिला आणि पुढे गेली. पोरगी हुशार, कामाला वाघ, आकड्यांशी भांडणारी. पण घरची चांगली बातमी असली की आपण सगळेच जरा आंधळे होतो, तशी तीही झाली.

माणसांच्या मॉडेलने तर त्याच्यावर इमलाच चढवला. ही गल्ली कोरडी, म्हणजे लोक इथेच येणार. दहा वर्षांत वस्ती दीडपट. बालवाडीसाठी जागा योग्य, पूरनिवाऱ्यासाठी जागा योग्य.

संध्याकाळी ती मैत्री सोसायटीच्या दारात आली, तेव्हा तळमजल्यावरच्या तुळशीआजी नेहमीप्रमाणे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेत होत्या. आजी मूळच्या जांभूळ गावच्या. गुडघे गेलेले, जिना चढणं कायमचं बंद. म्हणून तर नातू धर्मेश आणि नातसून जिज्ञासा यांनी अडीच वर्षांपूर्वी मुद्दाम तळमजल्याचं घर घेतलं होतं. घर घेताना धर्मेशने भिंतीवरची रेघ पाहिली होती. फरशीपासून एक फूट. त्याने आजीच्या पलंगाच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. पाणी आलं तर आजीची गादी कोरडी राहील, असा हिशेब.

जिज्ञासा हात पुसत बाहेर आली. "ताई, बरं झालं भेटलात. तुमच्या त्या कॉम्प्युटरात आमचं काय आलं? आम्ही आजीला पावसाचे चार महिने जांभूळला चुलत सासऱ्यांकडे ठेवायचं बोलतोय. ते घर उंचावर आहे. पण ही ऐकतच नाय. रोज डोकं खाते."

"मी नाय जाणार," आजी म्हणाल्या. "त्यांच्या घरान मना कोन बोलवाला पन नाय. दिवसभर भिंतीकडं बघून ऱ्हावा लागतंय."

"नका पाठवू," यशोधरा म्हणाली. आपण कुणाला तरी चांगली बातमी देतोय याचं तिला फार बरं वाटलं. "आपली गल्ली सुटली. आलंच तर फूटभर पाणी. मी स्वतः बघितलंय."

"बघ!" आजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "कॉम्प्युटर पन माज्याच बाजूनं हाय."

जिज्ञासाने तिथल्या तिथे जांभूळला फोन लावला आणि खोली तयार करू नका म्हणून कळवून टाकलं.

दुसऱ्या मजल्यावर यशोधराचे वडील महेंद्र भेंडी चिरत बसले होते. अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याची टाकी कधी धुतली, लिफ्टवाल्याला कधी फोन केला, सगळं तारीखवार वहीत. तिने मोठ्या उत्साहात त्यांना नकाशाचं सांगितलं.

त्यांची सुरी थांबली. "म्हणजे पहिल्या तासात आपल्याकडे कोणी येणार नाही?"

"गरजच नाही, पप्पा."

"आणि त्या आजी? त्यांना जांभूळला नेणार होते ना?"

"मीच सांगितलं नको म्हणून."

महेंद्रने एक भेंडी बराच वेळ हातात धरून ठेवली. "जाऊ द्यायचं होतंस," ते म्हणाले. "हवापालट झाली असती म्हातारीला." आणि मग बाकीची भेंडी त्यांनी इतकी बारीक चिरली की भाजीचा पार लगदा झाला.

दिवेलागणीला त्यांनी रोजच्यासारखी वंदना म्हटली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, त्यांचा आवाज खाली गेला. तो गेली काही वर्षं तिथे जातच होता. यशोधराला वाटायचं, वय झालं, दम लागतो.

बुधवारी तिने अहवालासाठी एक साधी आकृती काढायला घेतली. गल्लीतल्या आठ इमारती एका ओळीत उभ्या करायच्या आणि त्यांच्यावरून पुराच्या पाण्याची रेषा न्यायची, की झालं. आकृती स्क्रीनवर आली आणि ती बघतच राहिली. पाण्याची रेषा सपाट आलीच नव्हती. ती जिन्यासारखी आली होती, एकेक पायरी वर चढत.

कोपऱ्यावरची पहिली इमारत जुनी, रस्ता उंच झाल्यामुळे खड्ड्यात गेलेली. शेवटची आठवी नवी, चांगल्या अडीच फूट जोत्यावर बांधलेली. मधल्या सहांच्या फरशा कमीजास्त उंचीवर. पण रेघ मात्र प्रत्येक इमारतीत आपापल्या फरशीपासून एक फूट. आठही ठिकाणी बरोबर एक फूट. म्हणजे त्या दिवशी पाणी गल्लीत शिरलं, प्रत्येक इमारतीपुढे थांबलं, तिचं जोतं नीट पाहिलं, आणि सगळ्यांना सारखा न्याय देत फूटभर चढून उभं राहिलं. इतकं शिस्तीचं पाणी जगात कुठे नसतं.

तिने धर्मराजला बोलावलं. तो बिचारा रडकुंडीला आला. "मॅडम, आईशप्पथ टेप लावून मोजलंय. प्रत्येक ठिकाणी सेक्रेटरीने स्वतः रेघ दाखवली. तुमच्या पप्पांनी तर मला कोकम सरबत पाजलं."

यशोधरा उठून गच्चीवर गेली. खाली रस्त्यावर एक सिंधी दुकानदार टेम्पोवाल्याला हिंदीत झापत होता, गच्चीत जीन्सच्या कापडाचे निळे तुकडे वाऱ्यावर उडत होते. पुराच्या वेळी ती इथे नव्हती. ती तेव्हा रुरकीला शिकत होती. फोन लागत नव्हते, दीड दिवस तिने वसतिगृहाच्या पायरीवर बसून काढला होता, आणि मग आईचा एक आवाजी मेसेज आला होता. पुढे तीन वर्षांनी आई गेली. तो मेसेज यशोधराने जिवापाड जपला होता. नवा फोन घेतला की आधी तो नीट आलाय का ते बघायची. शंभर वेळा ऐकला असेल. आवाजासाठी ऐकला. आईचं ते हसत बोलणं, मागे कुणीतरी खोकतंय, आईने मध्येच कुणाला तरी "अहो, पाय वर घ्या" म्हणणं. त्यात काय सांगितलंय याकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तिने तो लावला.

"यशू, बाळा, आम्ही सगळे मजेत आहोत हां. रडू नकोस. खालच्या भागीरथीकाकू आपल्याकडेच आहेत. त्यांचं घर गेलं गं सगळं, दार उघडेना. जिन्याच्या नऊ पायऱ्या पाण्यात आहेत आणि दहाव्यावर तुझे पप्पा बसलेत काकूंचा टीव्ही मांडीवर घेऊन, राजासारखे. अहो, पाय वर घ्या! पाणी उतरलं की फोन करते. जेवून घे."

नऊ पायऱ्या. मैत्री सोसायटीची एक पायरी साडेसहा इंचांची. पाच फुटांना जेमतेम दीड इंच कमी.

तिला आधी राग आला नाही. आधी तिला आईची आठवण आली आणि ती गच्चीच्या कठड्याला धरून रडली. सगळ्या नकाशात जो एक आकडा नव्हता तो सहा वर्षं तिच्या खिशात होता, आणि ती तो कानाला लावून झोपत होती.

खाली येऊन तिने मैत्री सोसायटीचं पाणी एक फुटाच्या जागी पाच फूट केलं, गल्लीतल्या बाकीच्या सात रेघा बाद केल्या आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पाणी सपाट झालं. गल्ली पहिल्यापासून आठव्यापर्यंत लाल झाली. बालवाडी गेली, पूरनिवारा गेला. पहिल्या तासाच्या यादीत एक नवी ओळ खालून सरकत वर आली आणि चौथ्या नंबरवर जाऊन बसली. मैत्री, तळमजला, चालता न येणारे: एक.

तिने राजरत्न सरांना आकृती दाखवली. त्यांनी आठही इमारतींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमच्या गल्लीचं कळलं, कारण तू तिथली आहेस. बाकीच्या तीनशे चार रेघांचं काय?"

"जिथे पाणी सपाट नाही, तिथे पुन्हा जायचं, सर. आणि सेक्रेटरीला नाही विचारायचं. जुन्या भाडेकरूंना विचारायचं, फोटो मागायचे."

"एक आठवडा मागून घेतो मी," ते म्हणाले. खुर्चीत बसता बसता त्यांनी हळूच विचारलं, "घरी बोललीस का?"

घरी ती काही बोललीच नाही. संध्याकाळी महेंद्र टीव्हीसमोर बसले होते, तिने टीव्ही बंद केला आणि फोन त्यांच्यासमोर तिपाईवर ठेवून मेसेज लावला.

बायकोचा आवाज खोलीत आला तसे महेंद्र ताठ झाले. "राजासारखे" म्हणताना ती हसली तिथे तेही हसले, नकळत. मग मेसेज संपला आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, ते काढून कुठे ठेवावं हे त्यांना समजेना.

"रेघ कोणी हलवली, पप्पा?"

"मी."

ते सांगू लागले तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. पुरानंतरच्या हिवाळ्यात भागीरथीकाकूंचा नवरा गेला. तो आणि महेंद्र एकाच खात्यात, एकाच पाळीत. काकूंना घर विकून नाशिकला लेकीकडे जायचं होतं. गिऱ्हाईक यायचं, घर आवडायचं, आणि जिन्याजवळची रेघ बघून दारातूनच मागे फिरायचं. अकरा जण असे परत गेले. काकू तळमजल्यावर एकट्या, ओल आलेल्या भिंतींत, पाऊस आला की रात्ररात्र जागायच्या. मग एका मे महिन्यात रेघ गिरवायची वेळ आली, आणि महेंद्रने ब्रश खाली आणला.

"एका बाईची सुटका होईल एवढंच बघितलं मी. तुझी आई तेव्हा आजारी, तिला खाली उतरता येत नव्हतं. तिला सांगितलं नाही. पण शेजारच्या बिल्डिंगच्या सुदामने बघितलं. त्याच्याकडे पण एक घर अडकलेलं. महिन्याभरात आठही बिल्डिंगांनी फूटभर करून टाकलं. एकाची वर आणि दुसऱ्याची खाली, असं कसं चालेल? गिऱ्हाईक विचारणार ना."

"आणि काकूंच्या घरात मग आजी आल्या."

महेंद्रने मान खाली घातली. "मला काय माहीत म्हातारी येणार. धर्मेश एकटाच आला होता घर बघायला. मला वाटलं, तरुण पोरगा आहे, पळेल." मग ते म्हणाले, "त्या विटा लावल्या ना त्याने पलंगाला, तेव्हापासून मला तळमजल्यावरून जाववत नाही, यशू."

"म्हणून तुम्ही दूध आणायला मागच्या दाराने जाता?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू तुझ्या कॉम्प्युटरात दुरुस्त केलंस ना? बस झालं मग. यादीत नाव आलं, माणूस थाप मारायला येईल. रेघ राहू दे तशीच. आठ बिल्डिंगांचा प्रश्न आहे. लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

यशोधराला हा मार्ग सोपा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. क्षणभर तिने मनात तो करूनही टाकला. यादी खरी, भिंत खोटी, बाप सलामत. पण काल स्वतःच्या तोंडाने तिने आजींना थांबवलं होतं.

"थाप मारणारा पहिल्या तासात येईल, पप्पा. आजींना उचलून दहा पायऱ्या न्यायला चार माणसं लागतील. ती तेव्हा असतील? आणि कॉम्प्युटर काय, त्याला कुठे डोळे आहेत. त्याने तुमच्या भिंतीवर विश्वास ठेवला आणि दहा वर्षांनंतरची पोरं आणून या गल्लीत बालवाडीत बसवली. मी यादी दुरुस्त केली. उद्या मी नसेन, दुसरं कोणीतरी टेप घेऊन येईल. त्याच्याकडे आईचा मेसेज नसणार." तिने तिपाईवरचा फोन उचलला. "मी पण चुकले. दुसऱ्या कुणाची गल्ली असती तर मी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. आपलं घर पांढरं दिसलं आणि मी खूश झाले. जिज्ञासाला माझ्याबद्दल मी सांगते. भिंतीचं तुम्ही बघा."

तीन दिवस बापलेकीत जेवणापुरतं बोलणं झालं. वंदना तेवढी झाली. चौथ्या शीलापाशी महेंद्र थांबले आणि पुढचं मनातल्या मनात म्हणाले.

रविवारी सकाळी नऊला, जिन्यात सगळ्यात जास्त वर्दळ असते तेव्हा, महेंद्र स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि लाल रंगाचा डबा घेऊन खाली उतरले. यशोधरा मागोमाग आली. आजी दारात खुर्चीवर होत्याच. महेंद्रने आधी धर्मेशला आणि जिज्ञासाला हाक मारून बाहेर बोलावलं. मग ते सोसायटीच्या नोटीस बोर्डाकडे वळले. पाणी कधी येणार, कचरा कुठे टाकायचा नाही, सगळ्या सूचना ज्या बोर्डावर लागायच्या, त्याचे चार स्क्रू त्यांनी एकेक करून काढले. बोर्ड उतरवून भिंतीला टेकवून ठेवला.

बोर्डामागे जुनी रेघ होती. चार वर्षं कुणी गिरवली नव्हती म्हणून फिकी पडलेली, पण सरळ, स्पष्ट. खाली तारीख, आणि 'पाणी इथवर' असे दोन शब्द, गोल, वळणदार अक्षरात. यशोधराची आई बालवाडीत शिकवायची. गल्लीतल्या सगळ्या पाट्या तिच्याच हातच्या असायच्या.

यशोधराने बापाकडे पाहिलं.

"खरवडायला घेतली होती," महेंद्र म्हणाले. "तिचं अक्षर बघून हात चालेना. म्हणून वर बोर्ड ठोकला."

धर्मेश पुढे झाला आणि रेघेला पाठ लावून उभा राहिला. रेघ त्याच्या हनुवटीच्या खाली आली. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, मी घर बघायला आलो तेव्हा तुम्ही मला चहा पाजलात. मी विचारलं, पाणी किती येतं. तुम्ही बोटाने दाखवलंत."

"दाखवलं. खोटं दाखवलं."

"माझी आजी झोपते इथे! मी विटा लावल्यात, विटा!" त्याचा आवाज जिन्यातून वरपर्यंत गेला. वरच्या मजल्यांवरची दारं उघडली. जिज्ञासाने त्याच्या दंडाला धरलं, पण तिने यशोधराकडे अशा नजरेने पाहिलं की यशोधराला ती नजर सहन झाली नाही. "चूक माझीपण आहे, जिज्ञासा," ती म्हणाली. "मी आकडा तपासल्याशिवाय तुला सांगितलं."

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारच्या इमारतीचा सुदाम आत आला. भिंतीकडे बघताच त्याच्या सगळं ध्यानात आलं. "महेंद्रभाऊ, डोकं फिरलं काय तुमचं? आमच्या घरांचं काय होणार, याचा विचार करा जरा."

"तुझी रेघ तू बघ, सुदाम," महेंद्र म्हणाले. "माझी इथे होती."

तुळशीआजींनी जिज्ञासाला हात केला. "मना उभी कर."

दोघांनी धरून त्यांना उभं केलं, दोन पावलं चालवत भिंतीपाशी नेलं. आजी वाकलेल्या. त्यांनी रेघ शोधायला मान वर केली. मग हात वर केला, बोटं पुरवली, आणि रेघेवर तळवा ठेवला.

"ही तं माज्या डोक्यावरशी जातेय," त्या म्हणाल्या. त्यांनी महेंद्रकडे पाहिलं. "तुना ठावं व्हतं, सेक्रेटरी? मी रोज हितं बसतंय, तू रोज मना राम राम करतंस. ठावं व्हतं?"

"हो, आजी."

"अडीच वर्सं?"

"हो."

महेंद्रने हात जोडले. पाऊसभर आमच्या घरी वर या, मी आणि धर्मेश खुर्चीत बसवून नेतो, पुढची खोली तुमची, असं ते भडाभडा बोलून गेले. आजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर महेंद्रला बरं वाटलं असतं.

"नाय," त्या म्हणाल्या. "मी जांभूळला जाईन. तिथं मना कोन बोलवाला नाय. पन तिथं मना कोन फसवाला पन नाय."

दुपारी रिक्षा आली. धर्मेशने आजींची वळकटी मागे कोंबली. जिज्ञासाने पलंगाखालच्या आठही विटा काढून दाराबाहेर रचून ठेवल्या होत्या. महेंद्र तोवर भिंतीसमोर उभे राहून जुनी रेघ गिरवत होते. रंग ओघळत होता, पण अक्षरांच्या वळणाबाहेर त्यांनी ब्रश जाऊ दिला नाही. खालची एक फुटाची रेघ त्यांनी सकाळीच चुन्याने पुसून टाकली होती.

आजींना उचलून रिक्षात बसवायला तीन माणसं पुरेनात. यशोधराने वडिलांकडे पाहिलं. ते ब्रश खाली ठेवून चौथा हात लावायला आले. धर्मेशने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण त्यांना ढकललंही नाही. आजी आत बसल्या, लुगडं सावरलं. रिक्षा सुरू झाली तशी त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर टिचकी मारून त्याला थांबवलं आणि बाहेर डोकं काढलं.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "दिवालीला येन मी. रेघ हालवू नको."